शुक्रवार कुणाचा?

हुफूफ, शुक्रवार, ४ जानेवारी १९८०

ती. दादा यांस,

गुणाजीचा नमस्कार. साधाच. साष्टांग घालण्याइतका माझा राग अजून उतरलेला नाही आणि आपला तरी कुठे उतरलाय?

पाकिटावरचं सौदीचं तिकीट बघून आपण वहिनींना हाक माराल, ‘अगो, ह्याला आपली आठवण कशी झाली?’ तर आठवण झालेली नाही. काम आहे.

शेवंतीचं लग्न ठरलं. आनंदीने दोन घरांमधल्या गडग्यावरून ऐकवलं असेलच, तरी मुलीचा बाप म्हणून रीतीने कळवतो. मुलगा गुहागरकडचा, बोटीवर फिटर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात त्याची बोट मुंबईला लागते, जूनमध्ये सुटली की दीड वर्ष दर्शन नाही. मेच्या पंधरा तारखेपासून अधिक ज्येष्ठ, त्यात लग्न करता येत नाही. मधे एकच मुहूर्त हाताला लागलाय, ११ मे, रविवार.

माझी रजा ऑक्टोबरातच पिकली आहे. पण इथे रजा कफीलच्या हातात. कफील म्हणजे ज्याच्या नावावर आपला इकामा, इथे राहण्याचा परवाना, असतो आणि ज्याच्या कपाटात आपला पासपोर्ट असतो तो. त्याची सही असल्याशिवाय विमानतळ लांबूनच बघायचा. माझा कफील शेख अबू राशिद, वय ऐंशीच्या घरात, खजुराच्या पाच बागा, पाच विहिरी, पाच डिझेल इंजिनं, आणि ती चालवणारा मी एकटा. रजा मागितली की म्हणतो, ‘बुकरा.’ म्हणजे उद्या. गेले तीन महिने तोच उद्या चाललाय.

मी पोचलो नाही तर कन्यादानाला थोरले चुलते म्हणून आपणा उभयतांना बसावं लागेल. ही विनंती नाही. कळवलं.

आई खुशाल आहे असं आनंदी लिहिते. फाल्गुन संपेपर्यंत ती आमच्याकडे आहे. पाडव्याला तिची ट्रंक गडग्यावरून आपल्याकडे येईल. आपल्या वाटणीच्या कागदावर तसंच आहे. आंब्याची चौदा कलमं, दोन म्हशी, तांब्याचा हंडा, आणि शेवटच्या ओळीत ‘आई : चैत्र ते भाद्रपद थोरल्याकडे, आश्विन ते फाल्गुन धाकट्याकडे’. अक्षर आपलंच आहे, विसरला नसाल.

कागदोपत्री आपला धाकटा भाऊ,
गुणाजी


हुफूफ, शुक्रवार, २५ जानेवारी

दादास नमस्कार.

उत्तर आलं नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं. पण इथे जे झालंय ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहणार नाही. आनंदीला लिहिलं तर ती रडेल. तुला लिहिलं तर तू हसशील. हस.

(‘आपण’ लिहायला गेलं की पेन अडतं. बेचाळीस वर्षं तुला अरे-तुरे करतोय, आता कुठे नवीन सवय लावू.)

शेखच्या मनाने घेतलंय की आपण ह्या वर्षी मरणार. आजार काही नाही, अर्धं बकरं खातो. पण शेजारचा शेख गेला आणि त्याच्या मुलांनी तिरडी घरात असतानाच ट्रकवरून मारामारी केली. तेव्हापासून आमचा म्हणतो, मी माझ्या हयातीतच सगळं वाटून देणार. मुलं चार. थोरला राशिद, धाकटा सालेम, आणि लग्न झालेल्या दोघी, मुनीरा आणि हेस्सा. बायको वारली. त्यांच्या कायद्यात मुलाला दोन हिस्से आणि मुलीला एक.

तर शेखने यादी केली. शेखची गाडी चालवणारा हुसेनमियाँ आपल्या राजापूरचा, अरबी लिहितो-वाचतो. त्याने चोरून वाचली आणि बागेत धावत आला. म्हणाला, “गुणाजी, मेल्या, अभिनंदन. तुझं नाव इस्टेटीत आलं.”

मला वाटलं म्हातारा काहीतरी देतोय. मी केसांवरून हात फिरवला. म्हटलं, “किती नंबरला?”

“अकरा. दहाव्या नंबरला पांढरं गाढव, बाराव्याला गायी. मधे तू.”

दादा, मी हसलो नाही. गाढवाच्या खाली आणि गायींच्या वर, असा माझा नंबर. पुढे लिहिलंय, ‘हिंदी मेकॅनिक, एक, चालू स्थितीत’. हुसेनमियाँ शपथेवर सांगतो की ‘चालू स्थितीत’ त्याने पदरचं घातलेलं नाही.

खजुराला पाणी नसेल तर बाग म्हणजे सरपण, आणि ही जुनी इंजिनं माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत. म्हणून राशिद म्हणतो, मला हवा. सालेम म्हणतो, माझ्या बागेची विहीर खोल आहे, मलाच हवा. दोघी बहिणींनी निरोप पाठवलाय की आमचाही हक्क आहे. मुलगी बघायला आल्यासारखे चौघे आळीपाळीने येऊन मला बघून जातात. राशिदने तर दात बघितले.

यादीत मुबारकचं नाव मात्र नाही. मुबारक म्हणजे इथला सगळ्यात जुना माणूस, शेखपेक्षा थोडा लहान, काळा, उंच, बोलतो कमी. शेखच्या बापाने त्याला सात-आठ वर्षांचा असताना विकत घेतला. विकत, दादा. बासष्ट साली सरकारचा हुकूम निघाला की यापुढे कुणी कुणाचा गुलाम नाही. शेखने तो कागद त्याला वाचून दाखवला. मुबारकने ऐकून घेतला आणि विचारलं, “मग संध्याकाळचं पाणी कोण सोडणार?” तेव्हापासून आजतागायत पाणी तोच सोडतो. आता पाठीत वाकलाय. त्याला मात्र कुणी मागत नाही.

मी ज्याच्या वाट्याला जाईन त्याने मेच्या आत सोडलं तर ठीक. राशिदकडे गेलो तर संपलं. त्याने त्याच्या ड्रायव्हरला चार वर्षं घर दाखवलेलं नाही.

यादीतला नंबर अकरा,
गुणाजी


हुफूफ, शुक्रवार, १५ फेब्रुवारी

दादास नमस्कार. आई बरी ना? गुडघ्याला तेल लावते का?

मी एक शक्कल लढवली आणि तोंडावर पडलो, ते सांगतो.

म्हटलं, आपली किंमत वाढलीय म्हणून हे भांडतायत. किंमत पाडली तर कुणालाच नको होऊ, शेखकडेच राहू, आणि तो कधीतरी ‘बुकरा’ सोडून ‘आज’ म्हणेल. सालेमच्या बागेत पंपाचा फूटव्हॉल्व्ह तीस फूट खाली पाण्यात आहे. तिथे उतरून मी खजुराच्या झाडाचा काथ्या झडपेत कोंबून ठेवला. इंजिन चालू, पंप चालू, पाण्याचा थेंब नाही. मी कपाळाला हात लावून बसलो. म्हटलं, “शेख, माझी विद्या संपली.”

सालेमने गावातून एक मिसरी, म्हणजे इजिप्तचा, मेकॅनिक आणला. त्याने इंजिन उघडून सगळे भाग चटईवर मांडले, चहा प्याला, आणि ‘हे इंजिन मेलंय, अल्लाची मर्जी’ असं सांगून गेला. दुसरा आला, त्याने उरलेलं उघडलं. सहा दिवस बाग कोरडी. शेख रोज काठी टेकत यायचा आणि झाडाच्या बुंध्याला हात लावून उभा राहायचा. मला लाज वाटायला लागली होती, पण मी लग्नाची तारीख आठवून गप्प बसलो.

सातव्या दिवशी मुबारक माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, “जो काथ्या घातलास तो काढ. झाडांनी तुझं काय केलं?”

त्याने पहिल्याच दिवशी बघितलं होतं. कुणाला बोलला नव्हता. दादा, मी खाली मान घालून उठलो. आधी इंजिन जोडलं, त्याला एक दिवस गेला. मग विहिरीत उतरून काथ्या काढला आणि हँडल मारलं. असं पाणी आलं की सालेमने धोतरासारखा झगा वर खोचला आणि पाटात नाचला.

झालं! दोन मिसरी हरले तिथे गुणाजी जिंकला. किंमत पडायची ती दुप्पट झाली. त्याच संध्याकाळी राशिद आणि सालेम माझ्यावरून अंगावर धावून गेले, डोक्यावरची काळी कडी काढून एकमेकांना मारली. आता दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. मधे एक भिंत आहे, तिच्या दोन्ही बाजूंनी नोकरांतर्फे निरोप जातात.

मला कुणाची तरी आठवण आली, पण ते असो.

आगीतून फुफाट्यात पडलेला,
गुणाजी


हुफूफ, शुक्रवार, १४ मार्च

दादास नमस्कार. येत्या सोमवारी पाडवा. आईची ट्रंक उचलताना तिला उचलू देऊ नकोस, कडी तुटलेली आहे.

तुझ्या भावाची वाटणी झाली. ऐक.

शेखने मशिदीतल्या मुल्लाला बोलावलं. मुल्लाने बोटांवर हिशेब केला. दोन मुलगे, दोन-दोन हिस्से. दोन मुली, एक-एक. एकूण सहा. आणि आठवड्यात कामाचे वार किती? सहा. मुल्ला इतका खूश झाला की म्हणाला, हा माणूस अल्लाने वाटणीसाठीच बनवलाय. शनिवार-रविवार मी राशिदचा, सोमवार-मंगळवार सालेमचा, बुधवारी मुनीराचा, गुरुवारी हेस्साचा. शुक्रवार सुट्टी, तो कुणाचा नाही. ज्याचा वार त्याने जेवण घालायचं. असं सगळं लिहून अंगठे झाले. गाढवाची अशी वाटणी जमेना, ते विकलं.

राशिद भात-मटण घालतो, पण मोटार धुवून घेतो. सालेमकडे डबाबंद राजमा. मुनीराचा नवरा रास तनुराला रिफायनरीत आहे, तो ताजी मासळी आणतो, म्हणून बुधवार माझा सणाचा वार. हेस्सा शिवणयंत्र, टीव्ही, इस्त्री, सगळं गुरुवारसाठी बिघडवून ठेवते.

परवाच्या मंगळवारची गोष्ट. इथे दिवस रात्री बाराला बदलत नाही, मावळतीला बदलतो. मगरिबची बांग झाली की दुसरा वार लागला. मी सालेमच्या विहिरीत तीस फूट खाली, कमरेइतक्या पाण्यात, हातात पाना, आणि वर बांग झाली. मुनीराचा नवरा काठावर हजर. म्हणाला, “बुधवार लागला. माणूस आमचा. वर पाठव.”

सालेम म्हणाला, “काम अर्धं आहे.”

“काम तुझं, माणूस आमचा.”

“माणूस तुमचा असेल, दोर माझा आहे. दोराशिवाय न्या!”

मी खालून ओरडतोय, अरे, माझं कुणी विचारा! वरून कायदा, खालून गार पाणी. शेवटी मुबारक आला. त्याने कुणाशी वाद घातला नाही, आपला स्वतःचा खजुरावर चढायचा दोर खाली सोडला आणि मला वर घेतलं.

आता मुख्य रडगाणं. रजेच्या कागदावर चौघांच्या सह्या हव्यात. मुनीराने लगेच केली. हेस्साने इस्त्री दुरुस्त झाल्यावर केली. सालेम म्हणतो, आधी राशिदने करावी. राशिद म्हणतो, आधी सालेमने. राशिदने वर मला सवलत दिली, “माझ्या शनिवार-रविवारी तू खुशाल इंडियात जा. सोमवारी सालेमकडे हजर राहा म्हणजे झालं.”

मी शेखच्या पाया पडलो. म्हटलं, पासपोर्ट तुमच्या कपाटात आहे, सरकारदरबारी कफील तुम्हीच, एक सही करा. तो म्हणाला, “बाळ, तुला मी देऊन टाकलं. दिलेलं परत घेणं म्हणजे थुंकून चाटणं. ह्या वयात ते पाप माझ्याकडून नको.”

५८ दिवस उरले. पोरीने पत्रात लिहिलंय, ‘बाबा, तुम्ही नाही आलात तर मी बोहल्यावर चढणार नाही.’ आनंदीने खाली लिहिलंय, ‘ती चढेल, पण तुम्ही या.’

आठवड्याला चार मालक असलेला,
गुणाजी

ता. क. शुक्रवारी मी स्वतःचं स्वतः बघतो. मजेत आहे.


हुफूफ, शुक्रवार, ११ एप्रिल

दादास साष्टांग नमस्कार.

तुझं कार्ड काल मिळालं. अडीच वर्षांनी तुझं अक्षर. मी ते इतक्या वेळा वाचलं की हुसेनमियाँने घेऊन खिशात ठेवलं. तरी तुला कळावं की मला पाठ आहे, म्हणून लिहून दाखवतो:

‘पत्रे चारही पोचली. कन्यादानाचे बघू. पाडव्याला आई इकडे आली. तिला तुझी पत्रे वाचून दाखवली. ती पोट धरून हसली, विहिरीच्या ठिकाणी तर पदर तोंडात घातला. मग पदर काढून विचारते, शुक्रवारी हा जेवतो कुठे? कळव. बाबाजी.’

 एवढं सगळं लिहिलं, नेमकी ती एक गोष्ट मी लपवली, आणि म्हातारीने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

आता खरं सांगतो. पहिल्या शुक्रवारी मी राशिदच्या दारात गेलो. त्याच्या बायकोने आतून सांगितलं, आज आमचा वार नाही. सालेमकडे गेलो, तो म्हणाला, कागद बघ. मुनीराचं दार बंद होतं, हेस्साच्या दारापर्यंत गेलोच नाही. मी चौघांचा, पण शुक्रवारी मी कुणाचाच नाही. भांडं-चूल माझ्याजवळ नाही, कारण शेखकडे असताना मी त्याच्याच घरी जेवत होतो. मी पंपाच्या खोलीत गुरुवारची शिळी रोटी पाण्यात भिजवून खाल्ली. वय बेचाळीस, आणि डोळ्यांतून पाणी. डिझेलचा धूर, म्हटलं.

दुसऱ्या शुक्रवारी मुबारकने मला त्याच्या खोपटात नेलं. एक ताट, मधे भात, वर खजूर, एका बाजूने तो आणि एका बाजूने मी. त्याने एवढंच विचारलं, “पुरेल?” तेव्हापासून दर शुक्रवारी तिथे जेवतो. आईला सांग, उपाशी नाही.

पण तिने तो प्रश्न का विचारला, ते तुला कळलं का? मला कळलं. तिलाच ठाऊक असणार, वाटणीत न बसलेला दिवस कसा असतो ते.

तीन वर्षांपूर्वीचा अधिक श्रावण आठव. तो तुझ्या पाळीत आला. तुझ्याकडे सहाचे सात महिने झाले. तू म्हणालास, अर्धा अर्धा करू, भाद्रपदाच्या पौर्णिमेला आईला घेऊन जा. मी म्हटलं, कागदात आश्विन लिहिलाय, अधिक महिना देवाचा, त्याचा मला काय जाब? तू पौर्णिमेला तिची ट्रंक गडग्यावर ठेवलीस. मी दार लावून घेतलं. ट्रंक दिवसभर गडग्यावर उन्हात. संध्याकाळी तिनेच ती उचलली आणि म्हणाली, “मी जरा माहेरी जाऊन येते.” बहात्तर वर्षांची बाई, दादा! माहेरी कोण होतं? मामा जाऊन दहा वर्षं झालेली. भाचसुनेने दारातच विचारलं म्हणे, किती दिवस?

तो पितृपंधरवडा होता. तू तुझ्या घरी बापाचा म्हाळ घातलास, मी माझ्या घरी. दोघांनी कावळ्याला पान ठेवलं. जिवंत आईचं पान मात्र दोघांच्याही घरात नव्हतं. ती ट्रंक उचलताना मी खिडकीच्या फटीतून बघत होतो. तुला आजवर वाटत असेल की मी घरात नव्हतो. होतो. बाहेर आलो नाही. दसरा झाल्यावर इथे पळून आलो, नोकरीचं नुसतं निमित्त.

लग्नाला तीस दिवस राहिले. दोन्ही सह्या अजून नाहीत. मी आलो नाही तर कन्यादान तू कर, आता विनंती म्हणून लिहितो. पण आईला पुढच्या बाजूला बसव.

गुणाजी


हुफूफ, शुक्रवार, २५ एप्रिल

दादा, साष्टांग नमस्कार!

बस आधी. वहिनीला बोलाव. आईला मोठ्याने वाच.

गेल्या शुक्रवारी शेखने सगळ्यांना बोलावलं. राहिलेलं मृत्युपत्र लिहायचं होतं. त्यांच्यात तिसऱ्या हिश्शापर्यंत इस्टेट वारसांच्या बाहेरच्या माणसाला मृत्युपत्राने देता येते. राशिद भिंतीच्या एका टोकाला, सालेम दुसऱ्या टोकाला, पडद्यामागे दोघी बहिणी, मधे मुल्ला कागद घेऊन. मी आणि हुसेनमियाँ दाराशी, कॉफीच्या किटलीजवळ.

शेख म्हणाला, “घराजवळची लहान बाग, विहिरीसकट, मुबारकला.”

 ती बाग मुबारकनेच लावलेली, हे सगळ्यांना माहीत. मग शेखने त्याच्याकडे बघून विचारलं, “आणखी तुला काय हवं?”

साठ-पासष्ट वर्षांत त्याला हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला असेल. तो इतका वेळ विचार करत राहिला की कॉफी निवली. मग त्याने बोट माझ्याकडे केलं.

“ह्याचा शुक्रवार.”

सालेम हसला, राशिदही हसला, भांडण झाल्यापासून दोघे पहिल्यांदाच एका गोष्टीला हसले. पडद्यामागून पण हसू आलं. सुट्टीचा वार घेऊन म्हातारा काय करणार, झोपणार? राशिद म्हणाला, “द्या, द्या, लिहा.” मुल्लाने लिहिलं. पण शेख म्हणाला, बाग काय नि शुक्रवार काय, मेल्यानंतर कशाला, दोन्ही आत्ताच दिलं. अंगठे झाले. चौघांचेही झाले.

मग मुबारक उठला, कपडे झाडले आणि म्हणाला, “आज शुक्रवार. हा माणूस आज माझा. मी त्याला घरी पाठवतो. त्याच्या मुलीचं लग्न आहे.”

राशिद ताडकन उठला. “मगरिबच्या आत परत आण! मगरिबला शनिवार लागतो. शनिवार माझा!”

मुबारक म्हणाला, “शुक्रवारचा गेलेला माणूस शुक्रवारीच परत येईल. कोणता शुक्रवार, ते कागदात लिहिलेलं नाही.”

दादा, मुल्लाने कागद उलटा केला, सुलटा केला. खरंच लिहिलेलं नव्हतं. आणि शेख! म्हातारा असा हसायला लागला की आम्हाला वाटलं आता मृत्युपत्राचं काम लागतंय. ठसका, डोळ्यांत पाणी, दोन माणसांनी पाठ चोळली. जरा श्वास आल्यावर म्हणाला, “शुक्रवार मी कुणाला दिला नव्हता. तो माझाच होता. त्याची सही करण्यात पाप नाही. आणा तो रजेचा कागद!”

केली, दादा. सही केली. कपाटातून पासपोर्ट काढून त्याने मुबारकच्या हातात दिला. मुबारकने तो उघडला, माझा फोटो बघितला, मला बघितलं, आणि माझ्या हातात ठेवला. म्हणाला, “तुझा आहे. तू ठेव.” मी त्याच्या पायाला हात लावला, तर त्याने मागे सरून मला उठवलं. त्यांच्यात तसं चालत नाही. मग मी त्याला मिठी मारली. ते चालतं.

हुसेनमियाँने आठवडाभर कचेरीत खेटे घालून शिक्के आणलेत. पुढच्या शुक्रवारचं दहरानहून मुंबईचं विमान. मुबारक म्हणतो, शुक्रवारीच निघ, कायदा म्हणजे कायदा.

इंजिनांचं काय, म्हणशील. मी राशिद आणि सालेम दोघांना शिकवलं. ही इंजिनं अशी की एकाने हँडल फिरवायचं आणि बरोब्बर वेळेला दुसऱ्याने खटका पाडायचा. काल सकाळी पाहिलं. एक फिरवतोय, दुसरा उभा. बोलणं नाही. तीनदा चुकले. चौथ्यांदा राशिद ओरडला, “आता, गाढवा!” खटका पडला, इंजिन लागलं. बोलले एकदाचे.

येतोय.

गुणा


दहरान विमानतळ, शुक्रवार, २ मे

ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार. अगदी जमिनीला नाक लावून.

हे पत्र टपालात टाकणार नाही. बरोबर आणतोय. रविवारी गडग्यावरून तुझ्या हातात देईन, कारण तोंडाने बोलायला गेलो तर आपण दोघे म्हशींबद्दल बोलू.

सोबत मुबारकने आईसाठी खजुराची करंडी दिलीय. त्याच्या स्वतःच्या बागेतले, मालक म्हणून त्याने दिलेली पहिली भेट. त्याने विचारलं, तुझी आई कुणाकडे असते? मी खोटं बोललो. म्हटलं, आम्हा दोघांकडे. तो म्हणाला, वा! तेव्हापासून विमानतळापर्यंत माझी मान वर झाली नाही.

लग्न ११ ला. कन्यादानाला मी बसतो, पण पत्रिकेत ‘आमचे येथे’ म्हणून आधी तुझं नाव, मग माझं. आनंदीला सांगून ठेवलंय.

१५ तारखेला अधिक ज्येष्ठ लागतो. कागदाप्रमाणे ह्या वेळीही तो तुझ्याच पाळीत येतो. तू पुन्हा अर्धा अर्धा म्हणशील, तुझं चुकत नव्हतं, पण मी अर्धा घेणार नाही. सगळा मागतो. मला तुझ्या वाट्यातली कलमं नकोत, हंडा नको, आईचा अधिक महिना तेवढा मला दे. ट्रंक मी स्वतः उचलीन, कडी नवीन आणलीय, पितळेची, तीही मीच बसवीन.

पण आधी तिला विचार. आपण तो कागद केला तेव्हा ती पडवीत तांदूळ निवडत होती, पाच हातांवर, आणि आपण दोघांपैकी एकानेही तिला विचारलं नाही. नाही म्हणाली तर तुझ्याकडेच राहू दे, मी रोज जेवायला तिकडे येईन.

हो म्हणाली आणि तू गडग्यावर उभा राहून विचारलंस की परत कधी पाठवशील, तर आत्ताच सांगतो. अधिक महिना संपला की. कोणता अधिक, ते लिहिलेलं नाही.

तुझा,
गुणा